मिळालं, लई भारी

समस्त नांदेडकर, लातूरकर आणि या दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर जिथे जिथे रेंज येते तिथले सर्व मोबाइलधारक यांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, इंटरनेटवरून आपल्या मित्राला जडशीळ फाइल पाठवण्याचे जेवढे म्हणून मार्ग मानवजातीने काढले आहेत, तेवढे सगळे आमच्या बापूंनी स्वतः चालून पाहिले आहेत. त्यांपैकी एकाही मार्गात दोष नाही. फाइल इकडून निघते आणि तिकडे पोचते. तिकडे ती घेणारा कुणी आहे की नाही, एवढं पाहण्याची सोय मात्र अजून कुठल्या कंपनीने केलेली नाही. कुणाच्या हरकती असल्यास त्या माझ्याकडे आणाव्यात. बापूंकडे नेऊ नयेत. त्यांना पुष्कळ झालं आहे.

बापू पाटबंधारे खात्यात माझे वरिष्ठ, आणि निवृत्तीनंतर नांदेडात माझे शेजारी. अंगाने उसाच्या कांड्यासारखे, आणि चालणं असं की रस्त्यालाही त्रास होऊ नये. शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. एक लिहायचं आणि एक द्यायचं. बँकेत किंवा पोस्टात कुणीतरी पेन मागणारच, हे त्यांनी गृहीत धरलेलं. तो भला माणूस काम आटोपून पेन परत करायला आला, की बापू असे मागे सरकत की जणू तो त्यांना उष्टं वाढतोय. म्हणत, "दिलं की तुम्हाला."

एकदा मेहुण्याने चार दिवसांसाठी त्यांची स्कूटर नेली. महिन्याने आणून दिली, तोवर बापूंनी सायकल घेतली होती. "दिलं म्हणजे दिलं," ते मेहुण्याला म्हणाले, "मधी लटकत ठेवायचं न्हाई काही." मेहुणा खुशीत स्कूटर घेऊन गेला. पुढचा आठवडाभर कमलवहिनी, म्हणजे बापूंच्या पत्नी, त्या स्कूटरचा, मेहुण्याचा आणि बापूंचा उद्धार करत होत्या, आणि तो गल्लीच्या टोकावरच्या पिठाच्या गिरणीत, गिरणी चालू असताना, स्पष्ट ऐकू येत होता.

बापूंचं हे तत्त्व डब्यातून आलं होतं. ते मूळचे लातूरजवळच्या मुरुडचे. शिकायला लातुरात खोली करून राहिले, तेव्हा त्यांची आई रोज सकाळच्या एसटीत ड्रायव्हरच्या मागे डबा ठेवून द्यायची. लातूरच्या स्टँडवर बापू वाट पाहत उभे. संध्याकाळच्या गाडीने डबा मुरुडला परत. जेवून, धुऊन, आणि भांडं अगदी मोकळं परत करू नये म्हणून त्यात दोन पेरू नाहीतर मूठभर चुरमुरे घालून. तो डबा हातात आला, की पोरगं जेवलं याची पोच त्या माउलीला मिळायची. दुसरी पोच तिने कधी मागितली नाही.

खोलीत जोडीदार होता माणिक. तोही मुरुडचाच, पण त्याच्या घरून डबा यायचा नाही. म्हणून बापूंच्या आईने भाकरी वाढवल्या. बापू भाकरी मोडायचे आणि मोठा तुकडा माणिककडे सरकवायचे. ही हकीकत बापूंनी मला कधीच सांगितली नाही. ती माणिकने सांगितली, एका सत्कारात, माइकवरून, आवाज हवा तिथे कापरा करून.

माणिक तसा नटच. बापू खात्यात लागले आणि विष्णुपुरीला आमच्या वसाहतीत राहायला आले, तेव्हा माणिक नांदेडच्या एका कॉलेजात शिकवायला होता. वसाहतीच्या गणपतीत दर वर्षी नाटक बसायचं. नायक माणिक. नायिका कमलवहिनी. आणि हैदराबादहून जुना घेतलेला व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर घेऊन बापू मागच्या अंधारात. आपल्या बायकोचं दुसऱ्याशी जमलेलं प्रेम इतक्या भक्तिभावाने टिपणारा नवरा मी पुन्हा पाहिला नाही.

वहिनींना माइक लागत नसे. तिसऱ्या मजल्यावरून त्यांनी "अहो" म्हटलं, की वसाहतीतले निम्मे नवरे वर बघायचे. पण तोच आवाज नाटकात खाली आणला, की मागच्या रांगेत शेंगा फोडणारे लोकही फोडायचे थांबत. माणिक मोठमोठी भाषणं ठोकायचा. टाळ्या त्याला पडायच्या. वहिनी त्यानंतर एखादंच वाक्य बोलत, आणि टाळी वाजवायचं लोक विसरून जात.

पुढे माणिक लातूरला गेला आणि त्याने क्लास काढला. लातुरात क्लास काढणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. आज तिथे त्याच्या नावाची इमारत आहे आणि तिच्यावर त्याचा फोटो आहे, तोही दुमजली.

बापू निवृत्त झाले आणि कपाटातल्या कॅसेटी बाहेर निघाल्या. त्यांना बुरशी धरायला लागली होती. बापूंनी एका स्टुडिओत त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या, आणि घरी आल्या आल्या म्हणाले, "हे माणिकला धाडायला पाहिजे, जोशीबुवा. त्याची अमानत हाय."

आणि मग सुरू झाली ती मार्गांची यात्रा. मेलने पहिल्याच दिवशी नम्रपणे नकार दिला. एवढं ओझं आम्ही उचलत नाही. चॅटवरून टाकलं तर चॅटने ते असं पिळून काढलं की वहिनी मुंगीएवढ्या झाल्या आणि माणिकच्या मिशा नाहीशा झाल्या. मग बापूंना कळलं की तुकडे केले तर न पिळता जातात. एक अख्खं नाटक त्यांनी कापून तुकड्या-तुकड्यांनी पाठवलं. माप भरेल तिथे कात्री. पात्र बोलत असो की रडत असो.

"बापू, निदान वाक्य तरी पुरं होऊ द्या," मी म्हटलं.

"डब्यात बसत न्हाई तर भाकर मोडावीच लागते. खाणारा जोडून घेतो."

एक नाटक पेनड्राइव्हमध्ये भरून, पेढ्यांच्या खोक्यात तळाशी ठेवून, लातूरच्या बसच्या ड्रायव्हरकडे दिलं. हा काही इंटरनेटचा मार्ग नव्हे, असं मी म्हटल्यावर ते म्हणाले की गाडीचा नंबर त्यांनी माणिकला इंटरनेटवरून कळवला आहे.

शेवटी त्यांना लिंकचा शोध लागला. फाइल कुठल्याशा दूरच्या गोदामात चढवायची, गोदामवाला एक लिंक देतो, ती मित्राला पाठवायची, त्याने आठवड्याभरात माल उतरवून घ्यायचा. त्यानंतर गोदाम साफ. बापूंचं इंटरनेट दमेकरी होतं, म्हणून चढवायचं काम माझ्या घरून. त्या दिवशी माझ्या घराला इंटरनेटचा कडक उपास. मुलांना मोबाइल बंद, बायकोची मालिका बंद. बापू पडद्यावरच्या त्या निळ्या पट्टीसमोर बसून असत. पट्टी अडकली की खुर्ची जरा पुढे घेत, गाडी चढावर अडली की बैलाच्या जवळ जावं तसे. पट्टी पूर्ण भरली की चहा घेत, आणि लिंकखाली माणिकला स्वतःच्या भाषेत सूचना लिहीत: "आठ दिवसांत जेवून घे. नंतर नासतं."

माणिकचं उत्तर तासाभरात यायचं. "मिळालं. लई भारी. डोळे भरून आले." दर नाटकाला हेच. पेढ्यांच्या वेळी फक्त थोडा फरक होता: "मिळालं. लई गोड." बापूंनी तो मेसेज मला दोनदा दाखवला. "गोड म्हणून राहिला बघा. दुसऱ्या अंकात कमलचं गाणं हाय न, तेच त्याला भावलं असंल."

हा निरोप म्हणजे बापूंच्या लेखी धुऊन परत आलेला डबा. तो आला की ते आपल्याकडची फाइल पुसून टाकत.

मी त्यांना समजावलं. "बापू, ही एसटी नव्हे. इथं पाठवलेलं आपल्याकडेही राहतं."

"मग ते देणं कसं झालं?" बापू म्हणाले. "ते तर दाखवणं झालं."

बुरशीच्या कॅसेटी भंगारात गेल्या. नाटकं संपली तसा बापूंनी आपला कॉम्प्युटरही भाच्याला दिला, आणि भाच्याने तो कोरा करून त्यात गेम भरले. बापूंचं घर रिकामं झालं आणि मन भरलं. सगळं माणिककडे होतं.

मग वहिनींच्या घशात गाठ निघाली. हैदराबादला मोठं ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. जाण्याआधी तो कुठे भरून ठेवावा, असं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. माणूस वाचतो की नाही, याच घोरात सगळे. मुलीच्या लग्नाचं शूटिंग होतं, पण शूटिंगवाल्याने माणसांचे आवाज काढून त्यावर सिनेमाची गाणी घातलेली. वहिनींना मोबाइलचा तिटकारा, त्यामुळे त्यातही काही नाही.

वहिनी टाळ्यांनी बोलायला लागल्या. हलकी टाळी म्हणजे इकडे या. मोठी म्हणजे पुरे. आणि एकामागून एक जोरात सुरू झाल्या, की त्या भांडत असत. बापूंना सगळं कळायचं. ओट्यावर आमच्या गप्पा चालू असताना आतून टाळी आली की बापू हात वर करून मला गप्प करत. "ऐकू द्या. काय म्हणते ते ऐकू द्या."

एक दिवस वहिनींनी पाटीवर लिहून विचारलं, "माझा आवाज कसा होता? मला आठवत नाही."

बापू म्हणाले, "चांगला होता." मोठी टाळी. "मोठा होता." आणखी मोठी टाळी. बापू माझ्याकडे आले आणि पायरीवर बसले. "रोज ऐकला, जोशीबुवा. जन्मभर ऐकला. आन् सांगता येईना."

मग म्हणाले, "माणिककडं हाय न पण."

दिलेली वस्तू परत मागायची वेळ त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली होती. फोन हातात घ्यायचे, खाली ठेवायचे. शेवटी माझ्यासमोर लावला.

"माणक्या, ती नाटकं जरा धाड की. उसनी म्हणून. कमलला ऐकवतो आन् लगेच परत करतो."

"हाव, धाडतो न," माणिक म्हणाला. "अ‍ॅडमिशनचं चालू हाय रे. जरा फुरसत होऊ दे."

लातुरात अ‍ॅडमिशन, परीक्षा आणि निकाल यांतलं काही ना काही बारा महिने चालूच असतं. रोज सकाळी वहिनी बापूंकडे बघत आणि बापू मोबाइलकडे. शेवटी मीच गाडी काढली.

माणिकने केबिनमध्ये आमचं जोरदार स्वागत केलं. समोर पोरांच्या फीबद्दल बोलायला आलेले पालक बसले होते. त्यांना म्हणाला, "हे बापू. माझे अन्नदाते." पालकांनी नमस्कार केले. चहा आला. बापूंनी नाटकांचं काढलं.

माणिकने मोबाइल काढला, वर वर सरकवत गेला, एका लिंकवर बोट ठेवलं. "ही फाइल आता उपलब्ध नाही." दुसरी. तेच. तिसरी. तेच.

"बापू, लिंका खराब धाडल्या की तू."

"तू उघडल्या कधी?" बापूंनी विचारलं.

"उघडणारच होतो की. केवढाल्या फायली त्या. मोबाइलमधी जागा कुठंय, आन् मला टाइम कुठंय? म्हटलं तुझ्याकडं असणारच."

मला राहवलं नाही. "मग सर, डोळे कशाने भरून यायचे?"

माणिक मोकळेपणाने हसला. "जोशीसाहेब, तसं लिहायचं असतंय."

"पेनड्राइव्ह?" बापू म्हणाले. "पेढ्याच्या खाली होता."

"पेढे तर तसेच होस्टेलला धाडले होते," माणिक म्हणाला, आणि पहिल्यांदाच जरा ओशाळला. "जुना एक मोबाइल हाय घरी. त्याच्यात बघतो. काही असंल तर कळवतो. जेवून जा आता."

बापू जेवले नाहीत. परतीच्या वाटेवर अहमदपूर आलं. मग खिडकीबाहेर बघत, कुणाला तरी रस्ता सांगावा तसे म्हणाले, "भूक न्हवती तर म्हणायचं न. उगं डबा घेत गेला."

घरी वहिनी दारातच उभ्या होत्या. बापूंनी त्यांना सांगितलं, "शोधून राहिलाय." त्यांचं खोटं बोललेलं मी तेवढं एकच ऐकलं.

पण माणिकने खरंच शोधलं. महिन्याभराने त्याचा फोन आला. जुन्या मोबाइलमध्ये एक सापडलं होतं. क्लासचा मोठा कार्यक्रम होता, हॉल घेतला होता. "वहिनीला घेऊन ये. मोठ्या पडद्यावर लावतो. सगळं लातूर बघंल."

"आधी इकडं धाड की," बापू म्हणाले.

"फाइल मोठी हाय रे. जात न्हाई."

पृथ्वीवरचे सगळे मार्ग पायाखाली घातलेल्या माणसाला हे उत्तर मिळालं. बापू एवढंच म्हणाले, "बरं."

वहिनींनी इरकल नेसलं. गाडीत पाटी मांडीवर होती. त्यांनी लिहिलं, "कोणतं नाटक?" बापूंना ठाऊक नव्हतं. त्यांनी पुसून लिहिलं, "मी बोलते ना त्यात?" बापू म्हणाले, "तू न्हाई बोलली असं एक तरी नाटक हाय का?" वहिनी आवाज न करता हसल्या. त्यांना आता तसंच हसता येतं.

आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. हार, शाल, दीप, सगळं झालं. मागे पोरं आणि पालक मिळून हॉल खच्चून भरलेला. दिवे मालवले आणि पडद्यावर तरुण माणिक आला. मिशा शाबूत. नायकाचं भाषण चालू होतं, आणि त्याच्या मागे, खांबाला टेकून, खाली मान घालून वहिनी उभ्या होत्या. सडपातळ, लांब वेणी. मी ओळखलं. तुकडे करून पाठवलेल्या नाटकातला तो एक तुकडा होता.

माणिक बोलत होता. पडद्यावरचा माणिक कधीही आटोपतं घ्यायचा नाही. शेजारी वहिनी खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या, दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून. बापू पडद्याकडे बघतच नव्हते. ते वहिनींच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि त्यांचा एक हात जरा वर उचललेला होता, ओट्यावर मला गप्प करायचे तसा.

पडद्यावरचं भाषण संपलं. नायक वळला. म्हणाला, "आता तू बोल. एकदाच बोल."

पडद्यावरच्या वहिनींनी मान वर केली. श्वास घेतला. ओठ उघडले.

आणि पडदा निळा झाला.

तिथे माप भरलं होतं. कात्री बापूंचीच होती. पुढचा तुकडाही त्याच दिवशी पाठवलेला, पण त्यात माणिकचं भाषण नव्हतं, म्हणून तो माणिककडे उरला नव्हता.

दिवे लागले. हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. माणिक माइकपाशी आला. टाळ्या थांबेपर्यंत थांबला, आणि कापऱ्या आवाजात म्हणाला, "हा अनमोल ठेवा माझ्या बापूनं मला धाडला, आन् मी तो जिवापाड जपला."

हॉल शांत होता. त्या शांततेत वहिनींनी टाळी वाजवली. मोठी. मग आणखी एक. मग एकामागून एक, जोरात, तळवे लाल होईपर्यंत. मागच्या पोरांना वाटलं, पाहुण्या बाईंनी सुरुवात केली. त्यांनी धरलं. पालकांनी धरलं. कुणी शिट्टी मारली. सगळा हॉल उभा राहून वाजवायला लागला. व्यासपीठावर माणिकने हात जोडले, मान लववली, रुमाल काढला. या वेळी त्याचे डोळे खरोखर भरले होते. त्या गदारोळात वहिनींच्या टाळ्या बुडून गेल्या. त्या वाजवतच होत्या आणि त्या कुणालाही ऐकू येत नव्हत्या.

बापू उठले. अंगावरची शाल खुर्चीवर राहिली. त्यांनी माणिककडे पाठ केली आणि हॉलकडे तोंड केलं. तो उसाच्या कांड्यासारखा माणूस, दोन्ही हात वर करून, खिशातल्या दोन पेनांसह. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. तो ऐकला. आणि हॉलमधल्या प्रत्येकाने ऐकला.

"थांबा. टाळ्या नका वाजवू. ती बोलून राहिलीय."